रजनीचा 'बाबा' सरळ मार्गाने कसा बघायचा? राइट्सच्या धंद्यातल्या माणसाचं लांबलचक उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं म्हणणं थोडक्यात असं. पुण्यात त्यांचा क्रियायोगाचा (महावतार बाबाजींच्या परंपरेतली ध्यानसाधना) छोटासा ग्रुप आहे, पंधरा-वीस माणसं, त्यातली दोघं परदेशात असतात. सगळ्यांना रजनीकांतचा २००२ चा 'बाबा' बघायचाय, मूळ तमिळ, पूर्ण लांबीचा, खाली सबटायटल्स. त्यांनी शोधलं तेव्हा हाती लागलं ते एकतर हिंदी डब, नाहीतर टेलिग्रामवर कुणीतरी चढवलेली फाइल. ग्रुपातले एक काका म्हणतात, बाबाजींचाच सिनेमा आहे, डाउनलोड केला तर काय पाप लागतंय का. ताई म्हणतात नको, सरळ मार्ग असेल तर सांगा.

मी वकील नाही. पण गेली बावीस-तेवीस वर्षं सिनेमांच्या राइट्सचे कागद वाचणं हेच माझं काम, बसतो मुंबईत पण निम्मी कामं चेन्नईची, त्यामुळे जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी एक गोष्ट. तुमची केस त्यातल्या त्यात सोपी आहे. माझ्याकडे जे जुने सिनेमे येतात त्यातल्या अर्ध्यांचा मालक कोण हेच कळत नाही, निर्माता गेला, मुलांचं आपसात पटत नाही, लॅब बंद पडली. 'बाबा'चं तसं नाही. कथा-पटकथा रजनीची, आणि निर्माताही तोच, लोटस इंटरनॅशनल या स्वतःच्या बॅनरखाली. दिग्दर्शक सुरेश कृष्णा, ज्यांनी रजनीचा गाजलेला मारधाडपट 'बाशा' केला ते, संगीत ए. आर. रहमान. आपल्या कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नाही, लोकांना हे ऐकून धक्का बसतो पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसंच लिहिलंय. म्हणजे पहिला मालक एकच, आणि दार कुठलं ठोठवायचं ते माहितीय. आत काय काय कुणाला विकलंय ते वेगळं, त्यावर येतोच.

ज्यांना सिनेमा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. बाबा नावाचा एक टवाळ, देव-बिव न मानणारा पोरगा असतो, त्याचा जन्मच महावतार बाबाजींच्या कृपेने झालेला असतो. त्याला उचलून थेट हिमालयात नेतात आणि सात वेळा वापरता येईल असा मंत्र देतात. आणि हा पठ्ठ्या तो मंत्र खरा की खोटा बघायला उडता पतंग हातात यावा असलं काहीतरी मागतो. मला विचाराल तर अख्ख्या सिनेमातली सगळ्यात खरी जागा ती आहे, आपल्याला मिळाला असता तर आपणही पहिला मंत्र असल्याच फालतू गोष्टीवर घालवला असता. बाबाजी म्हणजे तेच, ज्यांनी १८६१ मध्ये राणीखेतजवळ लाहिरी महाशयांना क्रियायोग दिला असं मानतात, योगानंदांच्या आत्मचरित्रामुळे जगभर पोचले ते. रजनी स्वतः त्यांचा भक्त आहे, हिमालयात जातो, हे काही गुपित नाही. आणि आपल्या लोकांसाठी सांगायचं तर हा शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातला, बंगळुरात वाढलेला, पिक्चरमध्ये सयाजी शिंदेपण आहेत. पण म्हणून हा मराठी सिनेमा होत नाही हां, तो चेन्नईच्या मातीतलाच आहे आणि त्याची सगळी भानगडही तिथलीच.

ती भानगड सांगतो, कारण आजचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

१५ ऑगस्ट २००२ ला सिनेमा आला. त्याआधीचा रजनीचा तमिळ पिक्चर १९९९ चा, म्हणजे तीन वर्षं लोक तहानलेले, त्यामुळे डिस्ट्रिब्युटरांनी भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवले. तमिळनाडूत सिनेमा एरियावार विकतात, चेन्नई सिटी वेगळी, चेंगलपट वेगळा, कोईमतूर, सेलम, त्रिची-तंजावर, मदुराई-रामनाड, तिरुनेलवेली-कन्याकुमारी असे तुकडे, आणि बाहेरचं सगळं 'एफएमएस' म्हणजे फॉरेन, मलेशिया, सिंगापूर. प्रत्येक तुकड्याचा वेगळा करार, वेगळी रक्कम. त्यात पीएमके या तमिळनाडूतल्या पक्षाचे नेते रामदास यांनी पडद्यावरच्या सिगारेट-दारूवरून रान उठवलं, काही ठिकाणी थिएटरांची नासधूस झाली, रिळांचे डबे पळवले. लोकांना बाशा हवा होता आणि मिळाला बाबाजी. सिनेमा आपटला. मग रजनीने डिस्ट्रिब्युटरांना नुकसानीचे पैसे परत दिले, जे तोपर्यंत फारसं कुणी करत नव्हतं, आणि पुढचा पिक्चर थेट २००५ ला आला.

आता धंद्याच्या नजरेने बघा. जो सिनेमा आपटला त्याच्या कागदांकडे पुढची दहा वर्षं कुणी ढुंकून बघत नाही. हिट सिनेमाचे करार दर पाच वर्षांनी कपाटातून निघतात, कुणीतरी सॅटेलाइट म्हणजे टीव्हीवर दाखवायचे हक्क मागतो, कुणीतरी रिमेक मागतो, त्या निमित्ताने झाडझूड होते. फ्लॉपचं तसं होत नाही. आणि गंमत अशी की 'कल्ट' होतो तो बहुतेक वेळा फ्लॉपच, म्हणजे ज्याच्यावर लोक नंतर जीव टाकतात त्याचीच फाइल सगळ्यात जास्त धूळ खात असते. हे 'बाबा'बद्दल आतली माहिती म्हणून सांगत नाहीये, त्यांची फाइल मी बघितलेली नाही. एकूण धंद्याची रीत सांगतोय.

फाइल म्हणजे काय ते एक प्रसंग सांगितला की कळेल. काही वर्षांपूर्वी नव्वदच्या दशकातल्या एका तमिळ भक्तिपटासाठी मी चेन्नईत वडपळनीला गेलो होतो, नाव सांगत नाही. निर्मात्याच्या मुलाने गोदरेजचं कपाट उघडलं, आत प्लास्टिकच्या पिशवीत स्टॅम्प पेपर, कडा पिवळ्या झालेल्या, पिना गंजून कागदाला चिकटलेल्या. एका करारात सॅटेलाइट राइट्स एकाला 'कायमस्वरूपी' दिलेले. दुसऱ्यात, आठच महिन्यांनी, 'निगेटिव्ह राइट्स' म्हणजे अख्खा सिनेमाच दुसऱ्याला विकलेला, आणि त्यात पहिल्या कराराचा उल्लेखच नाही. इंटरनेट हा शब्द दोन्हीत नाही. पोरगा मला विचारतो, सर मग ओटीटी कुणाचं? मी म्हणलं बाबा रे, तेच विचारायला मी मुंबईहून आलोय. नंतर लॅबमध्ये डबा उघडला तर व्हिनेगरचा भपकारा, फिल्म आंबायला लागली की तसाच वास येतो, आणि लॅबवाले म्हणाले मागची बाकी भरा मग निगेटिव्ह हलवू. तो सिनेमा आजतागायत कुठेच दिसत नाही. कुणी दुष्टपणाने दाबून ठेवलेला नाही, फक्त सही करायची हिंमत कुणाची होत नाही.

२०१२ ला कायदा बदलला, तेव्हापासून करारात स्पष्ट नाव घेतलं नसेल तर जे माध्यम करार करताना अस्तित्वातच नव्हतं ते आपोआप विकलं गेलं असं धरत नाहीत. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, हेही कायद्यात आहे. पण २०१२ च्या आधीच्या करारांवरून वाद घालायला भरपूर जागा राहते, आणि प्लॅटफॉर्मच्या वकिलांना वाद नको असतो. त्यांना सलग साखळी लागते, निर्मात्यापासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक कागद, सेन्सॉर सर्टिफिकेटची कॉपी, गाण्यांची एनओसी (ऑडिओ राइट्स बहुतेक वेळा वेगळ्याच कंपनीकडे असतात), आणि चांगला डिजिटल मास्टर, म्हणजे जिच्यावरून पुढच्या सगळ्या कॉपी निघतात ती प्रत. यातलं एक जरी नसेल तरी मेल तिथेच थांबतो.

'बाबा'च्या बाबतीत मास्टरचा प्रश्न एका अर्थी सुटला. १० डिसेंबर २०२२ ला, रजनीच्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, तो पुन्हा थिएटरात लागला. रंग नव्याने केले, साउंड नव्याने मिक्स केला, रजनीने स्वतः काही डबिंग परत केलं. पण त्याचबरोबर साधारण अर्धा तास कापला आणि शेवटही बदलला. आणि ताई, तुमची खरी अडचण ही आहे बरं का. तुम्हाला 'बाबा' नकोय, तुम्हाला २००२ चा 'बाबा' हवाय. हे दोन वेगळे माल आहेत. मालकाच्या दृष्टीने जुनी आवृत्ती ही दुरुस्त केलेली चूक असू शकते, आणि निर्माता म्हणून ती बाजारात न आणण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. चाहते म्हणतात आमच्या आठवणीतला सिनेमा चोरला. मला दोन्ही बाजू पटतात, पण कायद्याला एकच पटते.

म्हणून कुठेही पैसे भरायच्या आधी लांबी बघा. जवळजवळ तीन तास असेल तर जुना, अडीच तासांच्या आसपास असेल तर नवा. जुनी डीव्हीडी असेल तर एक गडबड होऊ शकते, पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) डिस्कवर चोवीस फ्रेमचा सिनेमा पंचवीसच्या वेगाने पळतो, त्यामुळे १८० मिनिटांचा पिक्चर १७३ मिनिटांत संपतो. त्याला कट समजून विकणाऱ्याशी भांडू नका, मी एकदा भांडलोय आणि तोंडघशी पडलोय. खात्रीच करायची तर सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट दिसतं तिथे पॉज करा, तारीख आणि लांबी तिथे असते, सर्टिफाय झालेल्या सिनेमात बदल केला तर बोर्डाला कळवावं लागतं, त्यामुळे नव्या आवृत्तीची नोंद वेगळी सापडायला हवी.

अजून एक अडथळा जो कुणाच्या लक्षात येत नाही, धूर. बाबा पडद्यावर विडी ओढतो, भरपूर. रामदासांचे चिरंजीव अंबुमणी २००४ ला केंद्रात आरोग्यमंत्री झाले, २००५ ला पडद्यावरच्या धूम्रपानावर बंदीचाच नियम काढला, दिल्ली हायकोर्टाने तो २००९ ला रद्द केला. मग २०१२ पासून ते इशारे आले, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर जाहिरात, खाली पट्टी. आणि १ सप्टेंबर २०२३ पासून हेच ओटीटीलाही लागू झालं. म्हणजे जुना 'बाबा' आज जसाच्या तसा चढवता येत नाही, प्रत्येक विडीच्या शॉटला पट्टी बसवायला कुणीतरी एडिटर बसवावा लागतो, त्याला पैसे द्यावे लागतात. फार नाहीत. पण ज्या सिनेमातून काही मिळेल याची खात्री नाही त्याच्यावर थोडेसुद्धा पैसे कुणी घालत नाही.

आता काकांचा मुद्दा. पाप-पुण्याचं मी बोलणार नाही, तो तुमच्या ग्रुपचा विषय. कायद्याचं सांगतो. निर्माता हयात आहे, सिनेमा २००२ चा, कॉपीराइट त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे २०६२ संपेपर्यंत. टेलिग्रामची फाइल बेकायदाच. त्यातही ती री-रिलीजच्या वेळी थिएटरात मोबाइल धरून काढलेली असू शकते, आणि आज कुणी तसं केलं तर २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीप्रमाणे किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे, असली वस्तू पुढे फॉरवर्ड करू नका. आणि परदेशातल्या मंडळींनी व्हीपीएन लावून इथलं खातं वापरणं हा प्लॅटफॉर्मच्या अटींचा भंग, अकाउंट गेलं तर ओरडायला जागा नाही.

काकांनी पुढे असंही म्हटलंय म्हणे की आपण तिकीट लावणार नाही, हॉलमध्ये सत्संगाला दाखवू, धार्मिक कामाला सूट असते. हा गैरसमज फार पसरलाय आणि तो अगदी हवेतून आलेला नाही, कायद्याच्या कलम ५२ मध्ये खरंच आहे, हौशी मंडळाने फुकट किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेला प्रयोग. पण नीट वाचा, तिथे साहित्य, नाटक आणि संगीत लिहिलंय. सिनेमा नाही. भजन म्हणा, नाटक बसवा, पिक्चर लावायचा तर परवानगी लागते, मग माणसं वीस असोत की दोनशे, आणि फिल्म सोसायटीलासुद्धा लागते.

आणि एक हुशार माणूस येऊन कलम ३१ सांगेल, लोकांपासून दाबून ठेवलेल्या कृतीसाठी सक्तीचं लायसन. आहे, खरंच आहे. पण त्याला मालकाने नकार दिलाय हे दाखवावं लागतं, पूर्वी बोर्ड होतं ते गेलं आणि २०२१ पासून असली प्रकरणं कोर्टात जातात. जो सिनेमा २०२२ ला थिएटरात लागला तो दाबून ठेवलाय असं सांगायला गेलात तर जज हसतील, वकिलाची फी मात्र हसत नाही. सोडा ते.

मग करायचं काय. एक तर जुनी ओरिजिनल डिस्क. सेकंडहँड ओरिजिनल विकत घेणं कायदेशीर आहे, चेन्नईत, सिंगापूर-मलेशियात तमिळ डिस्कचा बाजार मोठा होता आणि बाहेर गेलेल्या डिस्कवर इंग्रजी सबटायटल्स असायची शक्यता जास्त. रीजन कोड (डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल तो आकडा) बघून घ्या, भारताचा ५, मलेशिया-सिंगापूर ३, अमेरिका १, प्लेअर सगळे घेणारा असेल तर प्रश्न नाही. व्हीसीडीच्या नादी लागू नका, तीन तासांचा पिक्चर तीन डिस्कमध्ये कोंबलेला, रेझोल्यूशन ३५२ बाय २८८, आणि सबटायटल आवडलं नाही तर बंदही करता येत नाही.

दुसरं, आणि माझ्या मते खरं काम हे, निर्मात्याच्या ऑफिसला नीट पत्र. चेन्नईत फिल्म चेंबर आहे, निर्मात्यांची कौन्सिल आहे, पत्ता तिथून मिळतो. पण पत्र कसं लिहिता यावर सगळं आहे. चाहत्यांची पत्रं मी वाचलीयत, चार पानं थलैवाचं (रजनीला चाहते असंच म्हणतात) कौतुक आणि शेवटी 'प्लीज अपलोड करा'. ती फॅन मेलच्या गठ्ठ्यात जातात. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून लिहा. आम्ही अमुक संस्था, अमुक तारखेला पुण्यात अमुक हॉलमध्ये, इतक्या खुर्च्या, तिकीट नाही, एक खेळ, २००२ ची आवृत्ती मिळत असेल तर ती, नसेल तर २०२२ ची, लायसन फी सांगा, फाइल तुमच्या माणसाच्या हातातच राहील. एका पानात. असलं पत्र अकाउंट्सवाल्याच्या टेबलावर जातं आणि तो आकडा टाकून उत्तर देतो, कारण त्याला हो-नाही ठरवायचं नसतं, दर ठरवायचा असतो. आकडा ऐकून घाबरू नका, घासाघीस होते. आणि शेजारी बंगळूर, हैदराबादचे असेच ग्रुप असतील तर एकत्र मागा, एकाच फाइलवर चार खेळ म्हटल्यावर समोरच्याचा सूर बदलतो.

त्या पत्रात एक गोष्ट फुकट देऊ करा, सबटायटल्स. स्वतःच्या स्वतः करून नेटवर टाकू नका, संवादांचा अनुवाद करायलाही परवानगी लागते. पण लेखी परवानगी द्याल तर आम्ही इंग्रजी आणि मराठी करून देतो, टाइमकोडसकट, हक्क तुमचेच, असं म्हणालात तर तुम्ही त्यांचा खर्च वाचवताय. तुमच्याकडे एक जागा अशी आहे जी चेन्नईच्या सबटायटल एजन्सीकडे नाही, बाबाजी, क्रिया, मंत्र हे शब्द कसे ठेवायचे ते तुम्हाला माहितीय. मी एका सिनेमात 'समाधी'चं भाषांतर थडगं केलेलं पाहिलंय, आणि तो साधू त्यात बसून बोलत होता.

प्लॅटफॉर्मना लिहायचं तर तेच पत्र थोडं बदलून पाठवा, पण अपेक्षा कमी ठेवा. त्यांचे करार ठरावीक वर्षांचे असतात, देशानुसार वेगळे, आज दिसतो तो पुढच्या महिन्यात गायब, त्यामुळे 'कुठे आहे' याचं माझं आजचं उत्तर उद्या खोटं ठरेल, म्हणून मुद्दाम नाव घेत नाहीये. २०२४ ला विजयचा जुना तमिळ सिनेमा 'गिल्ली' पुन्हा लागला आणि थिएटरं भरली तेव्हापासून चेन्नईत जुन्या सिनेमांची कपाटं परत उघडायला लागलीत, त्यामुळे पत्र टाकायचंच असेल तर हा काळ बरा आहे. नोव्हेंबर संपायच्या आत पोचेल असं बघा, १२ डिसेंबरला रजनीचा वाढदिवस असतो, त्याच्या आसपास एखादा खेळ मागितला तर त्यांना वेगळं पटवावं लागत नाही.

पत्राचा मसुदा तयार झाला की मला दाखवा, एक पान असेल तर फुकट वाचतो, चार पानं असतील तर फी लागेल.